दाढ भरून आलो, पंक्चरपेक्षा काम बारीक आहे

माझ्या पंक्चरच्या दुकानावर येणारे चारपाच जण विचारून गेले की दाढ कुठे भरली, किती लागले, दुखलं काय, मंग म्हटलं एकदाच लिहून टाकतो म्हणजे प्रत्येकाला तोंड उघडून दाखवायचं काम नाही. दवाखान्याचं नाव टाकत नाही, मला कोणाची जाहिरात करायची नाही, अन् तसंही आपल्या तालुक्याच्या गावात मेडिकलच्या वरच्या माळ्यावर दातवाल्या मॅडम एकच बसतात, ज्याला जायचं त्याला सापडते. पाचपैकी साडेचार स्टार देतो. अर्धा काहून कापला ते खाली येईलच.

आधी दाढेची हकीकत. जानेवारीत वावरात हुरडा खाऊन राहिलो होतो, सगळे बसले होते, अन् दाताखाली कडकन काहीतरी आलं. वाटलं खडा आला. हातावर थुंकलं त पांढरा तुकडा, तुरीच्या दाण्याएवढा. तीन वर्षांआधी दुसऱ्या एका ठिकाणी खालच्या डावीकडच्या दाढेत सिमेंट भरलं होतं तेच निघून आलं. तिथं दहा मिनिटांत काम झालं होतं, एक्सरे नाही काही नाही, गालात कापूस कोंबला, थोडं कोरलं, पावडर अन् पाणी कालवून बोटानं दाबलं, तीनशे रुपये. तेव्हा मला वाटलं होतं काय फटाफट काम करते माणूस. तो तुकडा मी फेकला नाही, दुकानात व्हॉल्व्हच्या पिना ठेवतो त्या डबीत टाकून दिला.

मंग संक्रांतीपासून होळीपर्यंत टाळलं. जीभ सारखी त्या खड्ड्यात जाये, थंड पाणी लागलं की सणक, गोड लागलं की सणक. मायनं लवंग धरायला दिली. लवंगेनं बरं वाटते हे काही खोटं नाही, मॅडमनं सांगितलं की लवंगेच्या तेलात जे युजेनॉल असते तेच दातवाल्यांच्या तात्पुरत्या मसाल्यातही असते, म्हणून त्यांच्या दवाखान्यात शिरलं की लवंगेचा वास येते. पण त्यानं कळ दबते, खड्डा तसाच राहते.

मायचं दुसरं म्हणणं होतं, "शुक्रवारच्या बाजारात तो किडेवाला बसते ना रे, भुईरिंगणीच्या बियांचा धूर देते, त्याच्यापासून किडे काढून घे. तुह्या मामाचे सात किडे निघाले होते." मामाचे सात निघाले हे मी लहानपणापासून ऐकतो. पाण्याच्या वाटीत पांढरे बारीक तुकडे पडलेले मी स्वतः पाहिले आहेत, तेव्हा हसण्यावारी नेत नाही. म्हणून खुर्चीवर बसल्याबसल्या पहिला प्रश्न हाच विचारला की मॅडम दातात किडा असते काय. त्या हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणे, दादा किडा नसतो, ते तुकडे त्या बियांमधलेच असतात, धूर तोंडात न घेता नुसत्या वाटीवर धरला तरी पडतील. नंतर घरी येऊन मोबाईलवर वाचलं त कळलं की दातातल्या किड्याची समजूत एकट्या आपल्या माणसांची नाही, युरोपातही शेकडो वर्षं होती, फ्रान्सच्या पियर फोशार नावाच्या दंतवैद्यानं १७२८ साली पुस्तक लिहिलं त्यात तो म्हणते की मी भिंगातून पाहिलं, मला काही किडा दिसला नाही. अन् खरं कारण १८९० च्या सुमारास मिलर नावाच्या माणसानं मांडलं, की तोंडातले जंतू साखर अन् पिठूळ खाऊन आम्ल तयार करतात अन् ते आम्ल दात विरघळवते.

आता माझं पाहा. मी खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटलेला, तेवढा खातो, गोड काही खात नाही असं मला वाटे. मॅडमनं विचारलं चहा किती. म्हटलं कट असते, अर्धा कप, काही जास्त नाही. किती वेळा? मोजलं त आठ-नऊ. गिऱ्हाईक आलं की चहा, ट्रकवाला आला की चहा, काही नाही आलं तरी चहा. त्या म्हणे, एकदा साखर तोंडात गेली की साधारण अर्धा तास तोंड आंबट राहते, मंग थुंकी ते हळूहळू ताळ्यावर आणते. तुमचे कट अर्ध्या अर्ध्या तासानं पडत असतील त दाताला सावरायला वेळच कुठे भेटते? साखर किती यापेक्षा किती वेळा हे जास्त लागते. एका दमात दोन लाडू खाल्ले त तेवढं बिघडत नाही जेवढं दिवसभर थोडं थोडं गोड चाटल्यानं बिघडते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, अन् शाळेत त नाहीच नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी की दाताचं वरचं कवच, इनॅमल, ते अंगातली सगळ्यात कडक चीज आहे, हाडापेक्षा कडक. पण त्यात जीव नसते. हाड मोडलं त जुळते, कातडी फाटली त भरून येते, इनॅमल गेलं त गेलं. अगदी सुरुवातीला नुसता पांढरा डाग असते तोपर्यंत फ्लोराइडच्या पेस्टनं अन् थुंकीतल्या कॅल्शियमनं ते पुन्हा कडक होऊ शकते, खड्डा पडला की मंग काहीच नाही, कोणी तरी भरायलाच पाहिजे. फिलिंग म्हणजे तेवढंच, सडलेलं काढायचं अन् त्या जागी असं काही बसवायचं की खाली पाणी, अन्न, जंतू शिरणार नाहीत.

फ्लोराइडवरून आठवलं. माझ्या आधी एक मावशी पोरीला घेऊन आली होती, झरीकडची असावी, पोरीच्या समोरच्या दातांवर तपकिरी पट्टे, मावशीचं म्हणणं किडले आहेत, भरून द्या. मॅडमनं सुईनं खरवडून पाहिलं, पृष्ठभाग कडक. म्हणे ही कीड नाही मावशी, बोअरच्या पाण्याचं आहे. आपल्या यवतमाळ-चंद्रपूरच्या बऱ्याच गावांत बोअरमध्ये फ्लोराइड जास्त आहे, लिटरला दीड मिलीग्रामच्या वर गेलं अन् लहानपणी दात तयार होताना तेच पाणी पोटात गेलं की असे डाग येतात. थोडं असलं त दाताला चांगलं, जास्त झालं त वाईट. पैसे घेतले नाहीत, लहान भाऊ आहे काय विचारलं, अन् त्याला पिण्यासाठी कोणतं पाणी द्यायचं ते सांगून पाठवलं. दुसरा असता त चार दात कोरून मोकळा झाला असता. तिथंच माझा अर्धा विश्वास बसला.

माझं तपासणं. आरसा, सुई, अन् मंग ती हवा मारली खड्ड्यात, खुर्चीतून उठलोच मी. बारीक एक्सरे काढला, समोरच्या पडद्यावर दाखवला. दाढ पांढरी, खड्डा काळा, अन् खड्ड्याच्या खाली सावलीसारखं अजून काळं. म्हणे हे पाहा, सिमेंट निघाल्यावर कीड लागली असं नाही, कीड सिमेंटच्या खालीच राहिली होती, ती वाढली, आधार गेला, म्हणून सिमेंट निघालं. आपल्या पंक्चरवाल्याला हे लगेच समजते, ट्यूबमध्ये काटा तसाच ठेवून वरून ठिगळ मारलं त काय होईल.

मंग विचारलं, थंड लागल्यावर कळ किती वेळ राहते? म्हटलं लगेच जाते, दोन सेकंद. रात्री झोपेतून उठवते काय? नाही जी. गरम लागते काय? नाही. म्हणे मंग वाचलात. या तीन प्रश्नांवर सगळं आहे म्हणून लिहून ठेवतो: कळ लगेच गेली त आतली नस बहुतेक ठीक, भरून भागते. कळ लागून मिनिट मिनिट ठणकत राहिली, रात्री आपोआप दुखायला लागलं, गरमनं वाढलं, त नस गेली समजा, मंग रूट कॅनल अन् कॅप, म्हणजे त्यांच्याकडे सहा-सात हजार अन् तीनचार चकरा. माझ्या एक्सरेत नस अन् कीड यांच्यात जेमतेम एक मिलिमीटर उरलं होतं. होळीऐवजी पोळ्याला गेलो असतो त सात हजाराला गेलो असतो.

काय भरायचं हे त्यांनी मला निवडू दिलं, पण आधी समजावून. चांदी म्हणजे अमाल्गम, त्यात जवळपास अर्धा पारा असते, बाकी चांदी, कथील, तांबं. टिकायला दणकट, दहापंधरा वर्षं सहज, पण काळं दिसते अन् पाऱ्यामुळं आता सगळीकडे कमी होऊन राहिलं, युरोपियन युनियननं २०२५ पासून काही अपवाद सोडून बंद केलं, मॅडम ठेवतच नाहीत. मायच्या दाढेत नागपूरला भरलेली चांदी आहे वीसेक वर्षांची, म्हटलं मंग ती काढायची काय? म्हणे अजिबात नाही, चांगली बसली आहे त हात लावू नका, विनाकारण कोरून काढताना पाऱ्याची वाफ जास्त निघते अन् चांगला दातही जाते. दुसरं ते सिमेंट, ग्लास आयोनोमर. ते दाताला स्वतःहून चिकटते, फ्लोराइडही सोडते, लहान पोरांच्या दाताला अन् हिरडीजवळ चांगलं. पण चावायच्या मोठ्या दाढेवर लवकर झिजते. म्हणजे पहिल्या ठिकाणी वाईट चीज नव्हती भरली, चुकीच्या जागी भरली अन् साफ न करता भरली. तिसरं कंपोझिट, दाताच्या रंगाचं, राळ अन् काचेची बारीक भुकटी, निळ्या लाइटनं कडक होते. बाराशे रुपये. म्हटलं हेच करा.

आता खरं काम, हे मी आरशात थोडं अन् कानानं जास्त पाहिलं. आधी हिरडीला बधिर करायची जेली, मंग इंजेक्शन. चिमटी घेतल्यासारखं, बस. दहा मिनिटांत अर्धा ओठ जाड झाला. त्यानंतर त्यांनी एक निळी रबरी शीट काढली, भोक पाडलं, दाढेत अडकवली, वरून चिमटा. मी पाहून राहिलो, हे त आपल्या ट्यूबचा तुकडाच झाला. बाकीचं तोंड, जीभ, थुंकी सगळं रबराच्या खाली, वर एकटी दाढ. असं आधी कोणी केलं नव्हतं. मशीनची शिट्टी सुरू झाली अन् मी ओळखलं की हवेवर चालते, बाल्कनीत कॉम्प्रेसर बसवला आहे, त्याचा आवाज माझ्या दुकानातल्यासारखाच, थोडा नाजूक. मोठ्या मशीननं वरचं उघडलं अन् मंग बारीक चमच्यासारख्या हत्यारानं हातानं आतलं मऊ काढलं. एक तुकडा दाखवला, उधई लागलेल्या लाकडासारखा, ओला, तपकिरी, नखानं दाबला त दबला. तो माझा दात होता.

अन् तेवढ्यात लाइट गेली.

आपल्याकडे हे होणारच. इन्व्हर्टरवर खुर्चीचा दिवा अन् पंखा चालला, कॉम्प्रेसर चालत नाही. मला माहीत आहे टाकीत थोडी हवा शिल्लक असते, मॅडमलाही माहीत होतं, पण त्यांनी घाई केली नाही, म्हणे अर्ध्यात हवा संपली त काम बिघडेल, थांबू. बारा मिनिटं मी तसाच आडवा, तोंड उघडं, खाली थुंकीचं तळं, मॅडमची मदतनीस पोरगी नळीनं जमेल तेवढी ओढून राहिली, अन् वर दाढ कोरडी ठणठणीत. कापूस असता त तीन मिनिटांत भिजला असता. त्या बारा मिनिटांत मला समजलं की मसाला चांगला की वाईट हे नंतरचं, आधी जागा साफ अन् कोरडी राहिली पाहिजे, अन् पैसे त्या कोरडं ठेवण्याचेच आहेत.

लाइट आल्यावर खड्ड्याच्या सगळ्यात खोल जागी नसेला आधार म्हणून कॅल्शियमवाला मसाला टिकलीएवढा लावला. दाढेची एक बाजू पडली होती तिथं पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळली अन् दोन दातांच्या मधात लाकडाची खरीखुरी पाचर ठोकली, सेंट्रिंग लावल्यासारखं, म्हणजे मसाला शेजारच्या दातावर सांडणार नाही. मंग निळी जेली, तिला त्या ॲसिड म्हणाल्या, फॉस्फोरिक, वीसेक सेकंद ठेवून धुऊन टाकली. यानं दातावर डोळ्यांना न दिसणारी खरखर तयार होते. अहो हेच त आपण करतो! ट्यूब कानशीनं घासल्याशिवाय सोल्युशन धरते काय? मंग त्यांनी सोल्युशनसारखंच पातळ काहीतरी ब्रशनं लावलं, फुंकर मारली, निळ्या लाइटनं सुकवलं. ही ॲसिडची युक्ती अमेरिकेत ब्युओनोकोर नावाच्या माणसानं १९५५ साली शोधली असं नंतर वाचलं. आपले पंक्चरवाले त्याच्याआधीपासून घासून राहिले असतील, पण आपल्याला कोण विचारते.

काम झाल्यावर मी विचारलं, मॅडम तुमच्या कॉम्प्रेसरमधून तेल येत नाही काय, माझा त तेल फेकते. त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणे आमचा बिनतेलाचाच असते, हवेत तेल आलं त हे चिकटणारच नाही. बरोबर आहे, तेलकट ट्यूबवर ठिगळ कधी बसलं आहे?

भरणं थरावर थर होतं, एक थर दोनेक मिलिमीटर, दाबायचा, आकार द्यायचा, मंग वीस सेकंद निळा लाइट, टीं वाजते. तो लाइट बॅटरीवर चालते. डोळ्यावर नारिंगी चष्मा दिला. एकदम जाड भरलं त खालचं कच्चं राहते, असं त्या मदतनीस पोरीला शिकवून राहिल्या होत्या अन् मी फुकटात शिकून राहिलो होतो. सहा टीं मोजले. शेवटी दाढेला दाढेसारख्या खाचा पाडल्या, निळा कागद दाताखाली ठेवून चावायला लावलं, जिथं निळं उमटलं ते घासलं. सगळं धरून सत्तर मिनिटं. बाराशे अन् एक्सरेचे दोनशे, फोनपे केलं, बिल मागितल्यावर भेटलं.

आता तक्रारी. फोनवर अकराचा नंबर दिला अन् आत घेतलं सव्वा एकला, ओळखीचे दोघं मधातून घुसले, हे काही बरोबर नाही. जिना अरुंद अन् उभा, माझ्या मायसारखी गुडघे दुखणारी बाई चढणार कशी, खालच्या माळ्यावर महिन्यातून एक दिवस तरी बसा. मोठ्ठी तक्रार म्हणजे घरी येऊन बधिरपणा उतरल्यावर कळलं की दाढ एका जागी उंच लागते, भाकर चावली की ठक्क. ओठ बधिर असताना माणसाला नीट चावताच येत नाही, मंग कागदावर खरं कसं उमटणार? दोन दिवस वाट पाहून पुन्हा बावीस किलोमीटर काळीपिवळीनं गेलो, दोन मिनिटांत घासून दिलं, पैसे नाही घेतले. पण माझा अर्धा दिवस अन् एका ट्रॅक्टरचं पंक्चर गेलं. असं होऊ शकते हे आधीच सांगायला पाहिजे होतं. अर्धा स्टार त्याचा.

बाकी ओठ तीन तास बधिर राहिला, पहिला चहा शर्टावर, अन् ओठाचं आतलं कातडं मीच चावून ठेवलं, तुम्ही तसं करू नका, बधिरपणा जाईपर्यंत काही चावू नका. थंड पाण्याची शिवशिव आठ-दहा दिवस राहिली, मंग आपोआप गेली. आता हुरडा नाही पण फुटाणे त्याच बाजूनं खाऊन राहिलो.

हो, खर्ऱ्याचं राहिलं. जाता जाता मॅडमनं तीन बोटं उभी करून तोंडात घालून दाखवा म्हटलं. माझी अडीच गेली. सुपारीनं गालाच्या आतलं कातडं ताठ होत जाते, तोंड उघडणं कमी कमी होते, पुढं कॅन्सरची भीती, अन् ते कोणत्याही मसाल्यानं भरून येत नाही. दुकानातल्या पोराला घालायला लावली त त्याची तीन पूर्ण गेली, तो एकवीसचा आहे. माझ्यासोबत बसून खर्रा घोटणाऱ्या आमच्या भाऊची दोन. तो म्हणते, "माहे बोटंच जाड आहेत बे." पुढच्या चकरेला त्याला घेऊन चाललो.

जायचं असेल त शुक्रवार सोडून जा, बाजार असते, खुर्ची रिकामी भेटत नाही. सकाळी साडेनऊला स्वतः जाऊन नंबर लावा, फोनच्या भरवशावर राहू नका, अन् पोटभर जेवून जा, कारण नंतर तीन तास काही जमत नाही.